दोन रांगा, एकच खिडकी

जून लागला की पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रांपुढची गर्दी वाढते. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले असतात. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर असे कागद एकदमच लागतात. त्यातच पेरणी तोंडावर येते, सातबारा काढायचा असतो, पुढे पीक विम्याची मुदत असते. गोदाकाठच्या गावातून आलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसलेला असतो. त्याच्या आणि कागदाच्या मध्ये एक संगणक असतो आणि त्याच्या पडद्यावर गरगर फिरणारं गोल चक्र असतं. ते चक्र थांबेना की दोष ठरलेला: प्रोसेसर जुना झाला. उपायही ठरलेला: ‘चार कोअर, आठ थ्रेड’ अशी चिठ्ठी लावलेला दुसरा संगणक. ही केंद्रं बहुतेक गावातल्याच तरुणांनी पदरचे पैसे घालून चालवलेली असतात. म्हणूनच त्या चिठ्ठीवरच्या आठ या आकड्यासाठी किती जास्तीचे पैसे मोजायचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आठ धाग्यांचा दावा खोटा नाही. पण तो ज्या खोळंब्यावरचं औषध आहे तो खोळंबा वेगळा, आणि बाकावरचा माणूस ज्यात अडकलाय तो वेगळा.

थ्रेड म्हणजे धागा, एकामागून एक करायच्या सूचनांची माळ. हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. एक धागा सॉफ्टवेअरचा असतो: ब्राउझर, अँटिव्हायरस, छपाईची रांग हे सगळे आपापले धागे घेऊन उभे असतात आणि एका साध्या संगणकातही असे हजारभर धागे सहज सापडतात. दुसरा धागा प्रोसेसरचा. प्रोसेसरमधला एक कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा एक भाग, एका वेळी किती माळा हाताशी धरू शकतो, हे तो सांगतो. चिठ्ठीवरचा आकडा या दुसऱ्याचा. त्याचं काम सेवा केंद्राच्या खिडकीवरूनच नीट समजतं. खिडकीमागे एक चालक आहे. त्याच्याजवळ स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, की-बोर्ड आणि प्रिंटर आहे. समोरच्या गृहस्थाच्या आधारचा ओटीपी यायचाय, पण मोबाइल मुलाकडे आणि मुलगा बसस्टँडवर. तोवर चारही यंत्रं गप्प. आता त्याच खिडकीला दुसरी रांग लावली, तर पहिल्याचा ओटीपी येईपर्यंत दुसऱ्याचे कागद स्कॅन होतील. दिवसाकाठी चार दाखले जास्त निघतील. पण चालक एकच आहे, प्रिंटर एकच आहे. दोघांना एकाच क्षणी प्रिंट लागली तर एकाला थांबावंच लागेल. शिवाय टेबलावर दोघांचे कागद पसरले की जागा अपुरी पडते, एखादा कागद खाली ठेवून पुन्हा उचलावा लागतो. ‘दोन थ्रेडचा कोअर’ तो हाच: रांगा दोन, खिडकी एक.

ही कल्पना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डीन टलसेन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी १९९५ साली एका शोधनिबंधात मांडली. एका कोअरमध्ये बेरजा करणारे, स्मृतीतून माहिती आणणारे, तुलना करणारे असे अनेक भाग असतात आणि एका माळेच्या भरवशावर त्यातले बरेच भाग बराच वेळ रिकामे बसतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. इंटेलने २००२ मध्ये ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने ती आधी सर्व्हरच्या आणि वर्षअखेरीस घरगुती पेंटियम ४ प्रोसेसरमध्ये आणली. त्यांच्याच अभियंत्यांनी तेव्हा मांडलेला हिशेब आजही वाचण्यासारखा आहे: चिपचा आकार ५ टक्क्यांहूनही कमी वाढला आणि सर्व्हरच्या कामात वेग ३० टक्क्यांपर्यंत वाढला. कारखानदाराच्या नजरेने हा सौदा उत्तमच. पण ग्राहकाने त्यातले दोन शब्द विसरू नयेत. पहिला ‘सर्व्हरच्या कामात’ आणि दुसरा ‘पर्यंत’. चिठ्ठीवर मात्र चाराचे थेट आठ होतात, म्हणजे आकडा शंभर टक्क्यांनी वाढतो. बनवणाऱ्याने तीसच्या पुढे शब्द दिला नव्हता. शंभराचा समज आपण करून घेतला.

आता खोळंब्याचा हिशेब करू, कारण सगळा वाद तिथे सुटतो. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. समजा, त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. या मापाने त्याच्या अगदी हाताशी असलेल्या छोट्या स्मृतीतून, म्हणजे कॅशमधून, एखादा आकडा आणायला चार-पाच सेकंद लागतात. तोच आकडा रॅममधून आणायचा झाला तर पाचेक मिनिटं लागतात. साध्या एसएसडीवरून आणायला तीन-साडेतीन दिवस. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवरून आणायचा तर जवळजवळ एक वर्ष. आणि दूरच्या शहरातल्या सर्व्हरला विचारून ५० मिलिसेकंदांत उत्तर आलं, जे चांगल्या नेटवर्कचं लक्षण आहे, तर प्रोसेसरच्या मापाने साडेचार वर्षांहून अधिक काळ गेलेला असतो. प्रोसेसरचं मल्टिथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवरच्या दोन रांगा, यातली कोणती पोकळी भरतं? पाच मिनिटांची आणि तिच्याहून लहान. रॅमकडून आकडा येईपर्यंत दुसऱ्या माळेतलं काम उरकून घ्यायचं, इतकंच त्याचं सामर्थ्य. तबकडीची वर्षभराची आणि नेटची साडेचार वर्षांची वाट मल्टिथ्रेडिंग नसतानाही तशी फुकट जात नव्हती. तेवढ्या वेळात विंडोजसारखी कार्यप्रणाली कोअरला दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवतच असते, आणि हे काम ती एका धाग्याच्या एका कोअरवरही वर्षानुवर्षं करत आली आहे. बाकावरचा माणूस मात्र याच लांबलचक मुदतींत अडकलेला असतो. त्याची फाइल जुन्या तबकडीवर शोधली जात असते किंवा त्याचा अर्ज दूरच्या सर्व्हरच्या रांगेत उभा असतो. तिथे आठ धागे लावा की ऐंशी, चक्र तितकंच फिरणार.

रॅम कमी असलेल्या संगणकात हे दुखणं वाढतं. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरमध्ये सात-आठ पानं उघडली, बाजूला स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि पीडीएफ उघडी ठेवली की रॅममध्ये जागा उरत नाही. मग विंडोज काही माहिती उचलून डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे पाच मिनिटांच्या जागी वर्ष. माउस अडखळतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, आणि चालक म्हणतो, प्रोसेसर दमला. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर त्या क्षणी प्रोसेसरचा वापर पंधरा-वीस टक्के आणि डिस्कचा शंभर टक्के असं चित्र दिसणं फार नेहमीचं आहे. प्रोसेसर दमलेला नसतो. तो हात बांधून उभा असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल: मग आठ धाग्यांच्या यंत्रावर चाचण्यांचे आकडे जास्त येतात, ते काय उगीच? उगीच नाहीत. त्या चाचण्या जे काम करून घेतात ते वाटून देण्याजोगं असतं, आणि असं काम आपल्या गावातही आहे. लग्नाचं चित्रीकरण जोडून त्याचा अंतिम व्हिडिओ काढणारा स्टुडिओ, फ्लेक्सची मोठी चित्रं तयार करणारं दुकान, एका झटक्यात पाचशे फोटो लहान करणारा माणूस यांच्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात. व्हिडिओचा एक भाग एका धाग्याने आणि दुसरा भाग दुसऱ्याने उरकला तर काही बिघडत नाही. तिथे प्रोसेसर खरोखर शंभर टक्के राबतो आणि प्रत्येक कोअरमागे जास्तीचा धागा असला तर तासाच्या कामातली दहा-बारा मिनिटं वाचू शकतात. दिवसाला चार व्हिडिओ काढणाऱ्याला ती बचत पैशांत मोजता येते. त्याने आठ धागे जरूर घ्यावेत, सोळाही घ्यावेत. माझा मुद्दा इतकाच आहे की एका धंद्याला लागू पडणारा आकडा शेजारच्या धंद्याच्या गळ्यात बांधला जातोय. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणं हे वाटून देण्याजोगं काम नाही. नाव भरल्याशिवाय पत्ता नाही, ओटीपी आल्याशिवाय पुढचं पान नाही, पैसे भरल्याशिवाय पावती नाही.

यामागचा नियम गणिती आहे. जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्याने तो १९६७ मध्ये मांडला, पण सोयाबीनच्या हंगामात तो कुणालाही दिसतो. समजा, एका शेतातली सोंगणी एका टोळीला ६ तासांची आहे आणि त्यानंतरची मळणी एका यंत्रावर ४ तासांची. एकूण १० तास. टोळ्या चार केल्या तर सोंगणी दीड तासात आटोपेल, मळणीचे ४ तास तसेच राहतील. काम साडेपाच तासांत होईल. टोळ्या आठ केल्या तर पाऊण तास अधिक ४, म्हणजे पावणेपाच तास. टोळ्या दुप्पट झाल्या, पाऊण तास वाचला. आणि सबंध तालुक्यातले मजूर आणले तरी ४ तासांच्या खाली हे काम येणार नाही, कारण मळणी यंत्र एकच आहे. रोजच्या संगणकातही असं एकच मळणी यंत्र असतं. वेबपानावरची बहुतेक जुळवाजुळव त्या पानाच्या एकाच मुख्य धाग्यावर चालते. एक्सेलने २००७ च्या आवृत्तीपासून सूत्रांची आकडेमोड अनेक धाग्यांत वाटायला सुरुवात केली, पण त्यातले मॅक्रो आजही एकाच धाग्यावर पळतात. म्हणून अशा कामांत एका कोअरचा स्वतःचा वेग किती, हेच निर्णायक ठरतं.

काम वाटण्याची ताकद मी कमी लेखतो असं मात्र कुणी समजू नये. ती ताकद जगाला दाखवून देण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. तो एका अजस्र प्रोसेसरच्या जोरावर चालत नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची जुळणी करून तो बनला होता. ट्रान्सप्युटरचं वैशिष्ट्य असं की एक काम थांबलं की दुसऱ्याकडे वळण्याची सोय चिपमध्येच, तारांच्या पातळीवर केलेली होती; आपण ज्याबद्दल बोलतोय त्या विचाराचंच ते एक थोरलं भावंड. हवामानाचा अंदाज हे अशा यंत्राचं हक्काचं काम. वातावरणाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला वारा, दाब, ओल वेगवेगळ्या प्रोसेसरने मोजायची आणि दर टप्प्याला शेजारच्या चौकोनाशी आकडे ताडून पाहायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक हेच काम कितीतरी बारीक चौकोनांवर करण्यासाठी आले. पाथरीच्या शेतकऱ्याला पेरणी करायची की थांबायचं हे सांगणारा अंदाज काम वाटूनच तयार होतो. तो अंदाज दाखवणारं पान उघडायला लागणारा वेळ मात्र वाटून कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे. विंडोजमध्ये एकाच वेळी पन्नास गोष्टी चालू असतात. अँटिव्हायरस तपासणी करतो, अपडेट उतरत असतं, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी जवळपास वेगळी प्रक्रिया चालवतो. मग जास्तीचे धागे कामी येणार नाहीत का? येतात, आणि यात तथ्य आहे. विशेषतः दोन कोअरच्या यंत्रात येतात. एका कोअरच्या पेंटियम ४ वर २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग आलं तेव्हा एखादा प्रोग्राम अडकला तरी माउस हलत राहायचा, हा फरक सामान्य माणसालाही जाणवणारा होता. दोन कोअरला चार धागे मिळाले तर मागे चालणाऱ्या अपडेटचा त्रास पुढच्या कामाला कमी होतो. पण खरे चार कोअर असले की ही गरज बरीचशी भागते. मागच्या कामासाठी एक-दोन कोअर मोकळे सापडतात आणि उरलेले बहुतेक धागे झोपलेलेच असतात. हजार धागे दिसतात म्हणजे हजार कामं चालू आहेत, असं नाही. बाजारपेठेत हजार दुकानं असली तरी दुपारी दोनला किती उघडी असतात, तसा हा प्रकार आहे.

शिवाय हे धागे ज्या जागी खरोखर मोलाचे आहेत ती जागा पाथरीत नाही, संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये आहे. तिथे राज्यभरातून हजारो अर्ज एकाच वेळी येऊन थडकतात. जिंतूरचा अर्ज गंगाखेडच्या अर्जावर अवलंबून नसतो. प्रत्येकाला रॅममधल्या आकड्यासाठी थांबावं लागतं, आणि एक थांबला की दुसऱ्याला पुढे घेता येतं. हायपर-थ्रेडिंगचा तो ३० टक्क्यांचा आकडा अशाच कामावर निघालेला आहे. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रेंगाळतं तेव्हा केंद्रचालकाने स्वतःच्या यंत्राला दोष देऊन कर्ज काढू नये. क्षमता तिकडे वाढवायला हवी आणि ती जबाबदारी संकेतस्थळ चालवणाऱ्यांची आहे. गर्दीचे दिवस त्यांनाही आधीच ठाऊक असतात.

या युक्तिवादाला सर्वांत भक्कम आधार खुद्द प्रोसेसर बनवणाऱ्यांनी दिला आहे. इंटेलने २००६ च्या कोअर २ मालिकेत हायपर-थ्रेडिंग काढून टाकलं, २००८ मध्ये परत आणलं, २०१८ मध्ये आठ कोअरच्या आय ७-९७००के मधून पुन्हा वगळलं आणि २०२४ च्या लूनर लेक व अ‍ॅरो लेक या मालिकांत ते ठेवलंच नाही. घरगुती वापराचा त्यांचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर आधीच्या पिढीत २४ कोअर, ३२ धागे असा होता. नव्या पिढीत तो २४ कोअर, २४ धागे असा झाला. एका मोठ्या कोअरवर दोन रांगा लावण्यापेक्षा शेजारी छोटे, कमी वीज खाणारे कोअर बसवणं परवडतं, असा हिशेब त्यामागे आहे. अ‍ॅपलने २०२० पासून आणलेल्या एम मालिकेतही प्रत्येक कोअरला एकच धागा आहे, आणि आपल्या खिशातल्या मोबाइलच्या आठ कोअरचंही जवळजवळ नेहमी तसंच असतं. एएमडीने मात्र २०१७ च्या रायझेनपासून दोन धागे ठेवले आहेत, तेव्हा ही कल्पना मोडीत निघाली असंही नाही. सुरक्षेची बाजूही आहे. दोन रांगांचे कागद एकाच टेबलावर असले की एकाला दुसऱ्याच्या कागदाचा अंदाज येऊ शकतो. २०१८-१९ मध्ये अशा त्रुटी उघड झाल्या, तेव्हा ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने हायपर-थ्रेडिंग आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. घरच्या किंवा केंद्रातल्या संगणकाला वेळच्या वेळी अपडेट दिलं तर त्याची धास्ती बाळगण्याचं कारण नाही. पण आधारसारखे तपशील रोज हाताळणाऱ्याने अपडेट बंद ठेवू नये, हे मी आवर्जून सांगेन.

प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ, कारण फसगत तिथे होते. वापरलेले डेस्कटॉप घ्यायला गेलं की आय ३-४१३० आणि आय ५-४५७० ही दोन्ही यंत्रं टास्क मॅनेजरमध्ये चारच ‘लॉजिकल प्रोसेसर’ दाखवतात. पहिल्यात खरे कोअर दोन आहेत, दुसऱ्यात चार. पहिल्यात दोन खिडक्यांवर चार रांगा, दुसऱ्यात चार खिडक्या. लॅपटॉपमध्ये तर आय ७-७५००यू असं भारदस्त नाव असलेल्या प्रोसेसरमध्येही कोअर दोनच असतात. साध्या आय ३-८१०० डेस्कटॉपमध्ये चार असतात आणि त्याला जास्तीचा एकही धागा नाही, तरी रोजच्या कामात तो मागे पडत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची यंत्रंच अधिकृतपणे चालतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीचं यंत्र ‘आठ थ्रेड’ म्हणून स्वस्तात मिळत असलं, तरी केंद्रासाठी घेणं आता शहाणपणाचं नाही. आहे तेच यंत्र आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल आणि त्यात तबकडीची डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवून रॅम ८ जीबी करावी. वर्षाची वाट साडेतीन दिवसांवर येते ती इथेच.

आणि नवं घ्यायचंच झालं, तर पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला यंत्र चालू करायला सांगा. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा. ‘लॉजिकल प्रोसेसर्स’च्या लगेच वर ‘कोअर्स’ अशी ओळ असते, ती वाचा. मग डावीकडे ‘डिस्क’वर बोट ठेवा आणि तिथे एसएसडी लिहिलंय की एचडीडी, ते पाहा. भाव त्यानंतर करा.